शेगडीपर्यंतची नळी कोणाची?

गॅसच्या बाबतीत आपल्याकडे एकच गोष्ट कसोशीने मोजली जाते, आणि ती म्हणजे जोडण्यांची संख्या. गोबर गॅसची संयंत्रे किती बांधली, सिलिंडरच्या जोडण्या किती दिल्या, नळाच्या गॅसची मीटरे किती बसविली, यांचे आकडे दर वर्षी प्रसिद्ध होतात. त्यांपैकी किती जोडण्या पाच वर्षांनंतर नीट चालू आहेत, किती घरांत नळी कुजली आहे, किती घरांत कॉक अडकून बसला आहे, हा हिशेब मात्र कोणी मागत नाही आणि म्हणून कोणी देतही नाही. शेगडी ज्या दिवशी प्रथम पेटते त्या दिवशी छायाचित्र निघते. ती विझते त्या दिवशी घरातल्या बाईखेरीज कोणाला त्याची वार्ताही नसते.

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की डाव्या हाताला उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी सोबतीला येते. याच पट्ट्यात इंदापूर तालुक्यातील डाळज हे गाव आहे. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि या भागाचा नूर पालटला. ऊस आला, उसाबरोबर चारा आला, चाऱ्याबरोबर संकरित गाई आल्या आणि दुधाचा धंदा घरोघर पोहोचला. अशा गावातल्या स्वयंपाकघरात आज गॅस दोन वाटांनी येतो. एक वाट सिलिंडरची, दुसरी परसातल्या शेणाची. तिसरी वाट, जमिनीखालच्या नळातून येणाऱ्या नैसर्गिक वायूची, पुणे शहरात केव्हाच उघडली आहे. आणि याच गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुले भाड्याच्या खोल्यांतून ती वापरीतही आहेत. तीन वायूंचे गुणधर्म निराळे, दाब निराळा, धोके निराळे. परंतु घराच्या भिंतीच्या आतली नळी कोणी सांभाळायची, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी सारखाच अनुत्तरित आहे.

यांतील शेणाच्या वायूचा विचार आधी करावा लागेल, कारण तो आपल्याकडे सर्वांत जुना आहे आणि त्याच्या अपयशाची कारणे सर्वांत कमी तपासली गेली आहेत. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसतिगृहात मैल्यापासून वायू काढून वापरण्याचा प्रयोग १८९७ साली झाला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र तयार केले आणि साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सरकारला या वायूची खरी आठवण झाली आणि १९८१-८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अनुदान आले, गवंड्यांना शिक्षण मिळाले, लोखंडी टाकीऐवजी विटांच्या घुमटाची 'जनता' आणि 'दीनबंधू' ही स्वस्त संयंत्रे निघाली. अलीकडे प्लास्टिकच्या भल्या मोठ्या फुग्यासारखी संयंत्रेही गोठ्यांमागे दिसू लागली आहेत.

यांपैकी कितीतरी संयंत्रे आज बंद आहेत. का, असे विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात. जनावरे विकली, शेण पुरत नाही, कालवायला माणूस नाही, सिलिंडर आला. ही उत्तरे खोटी नाहीत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. परंतु ज्या गोठ्यात दहा गाई उभ्या आहेत, त्या गोठ्यामागचे संयंत्रही जेव्हा बंद आढळते, तेव्हा शेणाचे कारण पुढे करता येत नाही. तेथे दोष शेणात नसून बहुधा विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या पन्नास-शंभर फूट नळीत असतो.

हा दोष कसा उत्पन्न होतो हे समजून घेण्यासारखे आहे. शेणातून निघणारा वायू ओला असतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन, उरलेला बहुतेक कर्बवायू, थोडा हायड्रोजन सल्फाइड आणि पूर्ण मुरलेली पाण्याची वाफ. टाकीत उबेला असलेला हा वायू थंड नळीत आला की वाफेचे पाणी होते. नळी जर संयंत्राकडे किंवा पाणी काढण्याच्या कॉककडे एकसारखी उतरती असेल, शंभर फुटांना एक फूट एवढा जरी उतार असेल, तर ते पाणी निघून जाते. परंतु बहुतेक ठिकाणी ती गोठ्याच्या छपराला तारेने टांगलेली असते. उन्हाने ती ओघळते, तिला पोट सुटते, आणि त्या पोटात पाणी साचते. तरंगत्या टाकीचा वायूवर दाब असतो जेमतेम १० सेंटिमीटर पाण्याइतका. याचा अर्थ असा की नळीच्या पोटात चार बोटे पाणी उभे राहिले तर मागे टाकी तुडुंब भरलेली असूनही शेगडीला थेंबभर वायू मिळणार नाही. आधी ज्योत नाचू लागते, मग भकभक करते, मग विझते.

हे बहुधा थंडीत घडते. आणि थंडीत शेण कुजण्याची क्रियाही मंदावते हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे घरातली माणसे निष्कर्ष काढतात की वायूच कमी झाला आहे. रोग नळीचा, निदान विहिरीचे! मग विहिरीत काय काय ओतण्याचे सल्ले मिळतात. वास्तविक नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक साधा कॉक असला आणि आठवड्यातून एकदा तो दोन मिनिटे उघडला, तर काम भागते. हा कॉक पुष्कळ ठिकाणी बसविलेलाच नसतो. काही ठिकाणी तो असतो, पण पुढे अंगणाची भर टाकताना गाडला गेलेला असतो.

दुसरा शत्रू तो हायड्रोजन सल्फाइड. ओलाव्याच्या संगतीने तो लोखंड खातो, पितळी कॉक काळे पाडून जाम करतो, शेगडीच्या छिद्रांना किटण आणतो. लोखंडी टाकीला वर्षातून एकदा रंग द्यावा, कॉकला वंगण द्यावे, बर्नर उतरवून तारेने छिद्रे मोकळी करावीत, ही सारी कामे तासा-दोन तासांची. ती झाली नाहीत की पाच-सहा वर्षांत टाकीच्या माथ्याला भोक पडते. प्लास्टिकच्या नळीला गंज चढत नाही हे खरे. परंतु तिला उंदीर कुरतडतात, ऊन ठिसूळ करते आणि उसाच्या ट्रॉलीचे चाक तिच्यावरून गेले तर ती फुटते. या सर्वांत गमतीची (की खेदाची?) गोष्ट म्हणजे, शेगडी बिघडली की बाजारातून सिलिंडरची शेगडी आणून तिला ही नळी जोडण्याचा प्रकार. त्या शेगडीचे वायू येण्याचे छिद्र दाबाच्या, जोमदार वायूसाठी केलेले, सुईच्या अग्राएवढे. त्यातून गोबर गॅस पुरेसा येतच नाही. गृहिणी म्हणते, "याला आचच नाही," आणि संयंत्राची आणखी एक बदनामी होते.

गळती शोधण्याची रीत तर त्याहून सोपी आहे. रात्री संयंत्राजवळचा आणि शेगडीजवळचा असे दोन्ही कॉक बंद करावेत. मधल्या नळीला पाणी भरलेली इंग्रजी 'यू' आकाराची काचेची वा पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडलेली असेल, तर सकाळी पाण्याची पातळी तशीच आहे की उतरली एवढे पाहावे. उतरली असेल तर सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावावा. जेथे बुडबुडा फुगतो तेथे गळती. सहावी-सातवीच्या मुलांना हा प्रयोग विज्ञानाच्या तासाला दाखविता येईल. त्याऐवजी आपल्याकडे आजही पेटती काडी सांध्यापाशी नेऊन पाहिली जाते, आणि काही बहाद्दर तर थेट टाकीच्या तोंडाशी काडी लावून वायू आहे की नाही याची खात्री करून घेतात. नव्या टाकीतल्या पहिल्या वायूत हवा मिसळलेली असते. तो सोडून द्यायचा असतो. त्याला काडी लावली तर ज्योत नळीच्या आत शिरून टाकीपर्यंत पोहोचू शकते.

दुरुस्ती घरच्यांवर सोडली म्हणजे काय होते याचे दारुण उदाहरण बारामती तालुक्यानेच पाहिले आहे. मार्च २०२३ मध्ये खांडज येथे गोठ्यातील शेण-मूत्राच्या टाकीत उतरलेले चार जण गुदमरून मृत्युमुखी पडले; त्यांत तिघे एकाच कुटुंबातील होते. अशा बंदिस्त जागेत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढलेले असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. हा धोका नळीचा नव्हे, कुंडीचा, असे कोणी म्हणेल. तथापि दोहोंच्या मागे एकच वस्तुस्थिती आहे. या यंत्रणेची देखभाल हे कोणाचेही रीतसर काम नाही. म्हणून ते घरातल्या कोणाचेही काम होते.

येथे एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. याच गावात विहिरीवरची वीजमोटर जळाली तर काय होते? दुपारच्या आत ती मोटरसायकलवर बांधून भिगवणला किंवा इंदापूरला जाते. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात मोटर भरून देणारी दुकाने आहेत आणि ती चालतात. मोटर भरणारा कारागीर कोणत्या सरकारी योजनेने निर्माण केला नाही, गरजेने केला. मग गोबर गॅसची नळी दुरुस्त करणारा कारागीर का निर्माण झाला नाही? उत्तर कटू आहे. मोटर बंद पडली तर ऊस वाळतो आणि नुकसान पैशांत मोजता येते. गॅस बंद पडला तर चूल असतेच. वेड्या बाभळीचे सरपण उजनीच्या काठाला फुकट मिळते आणि ते तोडून आणणाऱ्या बाईच्या श्रमांची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. धुराने चुरचुरणारे डोळे आणि भरलेली छाती यांचाही हिशेब होत नाही. घरात खर्चाचा निर्णय ज्याच्या हातात, त्याची गैरसोय होत नाही. आणि जिची गैरसोय होते तिच्या हातात निर्णय नाही. एक कॉक बदलण्याचे काम वर्षानुवर्षे रखडते ते एवढ्यासाठी. यात दारिद्र्याचा संबंध फारसा नाही. दाराशी दोन दुचाक्या असलेल्या घरांतही हाच प्रकार आढळतो.

सिलिंडरने ही नळी हातभर लांबीची करून टाकली, आणि म्हणून तिच्याकडे पाहण्याची गरजच संपली असा आपला समज झाला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पूर्वी कधी गॅस न वापरलेल्या घरांतही तो पोहोचला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु सिलिंडरमधील वायू हा गोबर गॅससारखा भिडस्त नव्हे. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, कोपऱ्यात दबा धरून बसतो. हवेत तो शंभरात दोन भाग झाला तरी एका ठिणगीने पेटू शकतो. आणि त्याला अडवून धरणारी वस्तू कोणती, तर एक रबरी नळी आणि सिलिंडरच्या तोंडातली एक छोटी गोल चकती. तारेचे जाळे आत असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर तारीख छापलेली असते. प्रस्तुत लेखाच्या वाचकांनी आज घरी गेल्यावर ती तारीख वाचून पाहावी. निम्म्यांना ती तेलाच्या थराखाली सापडणार नाही, अशी पैज लावायला हरकत नाही.

महामार्गावरच्या ढाब्यांची तर कथाच निराळी. पत्र्याच्या शेडमध्ये तीन-तीन, चार-चार सिलिंडर एका नळाला जोडलेले असतात. नळ पाण्याच्या कामाच्या कारागिराने बसविलेला असतो. पाण्याचा प्लंबर हा आपल्या कामात वाकबगार असेल. पण पाणी गळले तर दिसते आणि फार तर ओल येते, ही त्याची सवय. गॅस गळलेला दिसत नाही. पाण्याच्या नळाचा आटा सुतळी आणि सफेदा लावून आवळला की काम झाले. गॅसच्या नळाचे काम दाब भरून, ठराविक वेळ थांबून, तो उतरत नाही हे पाहिल्याशिवाय संपत नाही. ही शेवटची पायरी ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती पाना देणे धोक्याचे आहे.

गॅसचा वास येतो म्हणून आपण निर्धास्त असतो. तो वास वायूचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम मिसळलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नैसर्गिक वायूला तर मुळीच वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेखालच्या पोकळीत असा वायू गळून साचला. कोणाला पत्ता लागला नाही. ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मरण पावले. त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. म्हणजे आपल्या नाकाला आज जी सूचना मिळते ती त्या मुलांच्या प्राणांच्या किमतीने मिळालेली आहे. परंतु नाकही थकते. थोड्या-थोड्या गळतीच्या घरात राहणाऱ्यांना काही वेळाने वास जाणवेनासा होतो, बाहेरून आलेला पाहुणा दारातच म्हणतो, "गॅस येतोय का हो?" पाहुण्याचे ऐकावे. आपल्या शाळांतूनही आता पोषण आहार शिजतो आणि पुष्कळ ठिकाणी तो गॅसवर शिजतो. त्या खोलीतली नळी केव्हा बदलली याची नोंद शाळेच्या कोणत्या वहीत होते? मुख्याध्यापकांच्या डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे आधीच पुष्कळ आहे. तरीही ही एक नोंद त्यांनी स्वतःहून ठेवावी, कारण तिच्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहणे परवडणारे नाही.

आता शहराकडे वळू. मुंबईला नळाचा गॅस नवा नाही. १८६५ साली तेथील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, आणि कोळशापासून काढलेला तो वायू पुढे काही भागांत घरांतही गेला. नैसर्गिक वायूसाठी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली, तर पुण्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी २००६ साली निघाली. हा वायू हवेच्या निम्म्या वजनाचा. गळला तर वर जातो आणि खिडकीचा वरचा भाग उघडा असेल तर निघूनही जातो. म्हणून तो सिलिंडरपेक्षा अधिक निर्धोक, हे म्हणणे बरोबर आहे. मात्र ही निर्धोकता खिडकी उघडी असण्यावर अवलंबून आहे, हे वाक्य कोणी पुढे वाचीत नाही. स्वयंपाकघराची गॅलरी काचेने बंद करून खोली वाढविली जाते. नळ कुरूप दिसतो म्हणून त्याला लाकडी कपाटाआड दडविले जाते, आणि मग बंद करण्याचा कॉक सापडण्यासाठी आधी डबे काढावे लागतात. नळावर ओले कपडे वाळत घालण्याची चाल तर सार्वत्रिक आहे. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा धोका आणखी निराळा. तेथे गळतीने नव्हे, तर बंद खोलीत अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात. आणि त्या विषाला वास नाही.

लोखंडी नळ सहसा दगा देत नाही. दगा देतो तो जोड. १६ मे १९६८ रोजी पहाटे लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईने चहासाठी काडी पेटविली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांच्या घरासारखा कोसळला. चार माणसे मेली. चौकशीत आढळले की शेगडीकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावरचे पितळी नट सदोष होते. एक नट! इमारतीच्या बांधणीतील दोषही चौकशीत उघडे पडले आणि बांधकामाचे नियम बदलले, हे सर्वत्र सांगितले जाते. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की १९७० साली तेथे गॅसची कामे करणाऱ्या कारागिरांची नोंदवही सुरू झाली. आधी ती ऐच्छिक होती. १९९१ पासून नोंदणी सक्तीची झाली. आज तेथे घर भाड्याने देणाऱ्या मालकाला दर बारा महिन्यांनी नोंदलेल्या कारागिराकडून गॅसची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी कितींनी असा दाखला पाहिला असेल? येथे गॅसची जोडणी मालकाच्या नावे, वापर भाडेकरूचा, आणि जुनी नळी दोघांच्याही मते दुसऱ्याची.

विलायतेचा कायदा उचलून डाळजला लावावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातील तत्त्व आपल्याला परके नाही. विजेच्या तारा ओढणाऱ्याला परवाना लागतो हे आपण मान्य केले आहेच. गॅसची नळी जोडणाऱ्यालाही तो असावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नळकारागिराच्या शिक्षणात गॅसचा भाग घालावा. त्यात दाबाची चाचणी, उतार काढणे, साबणाची परीक्षा, तिन्ही वायूंच्या निरनिराळ्या शेगड्या, आणि बंदिस्त कुंडीत न उतरण्याचा नियम एवढे शिकविले तरी पुरे. हे शिक्षण काही महिन्यांत होऊ शकेल.

शिकलेल्या कारागिराला पोटभर काम मिळेल का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर याच महामार्गावर, पुण्याच्या बाजूला, उरुळीकांचन येथे मिळते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. गाय दवाखान्यात न्यायची नाही, माणूस गोठ्यापर्यंत येईल, ही ती कल्पना होती. आज तसा माणूस दुचाकीवरून वस्त्यावस्त्यांवर फिरतो आणि शेतकरी त्याला पैसे देतो. ज्या गोठ्यात तो जातो त्याच गोठ्यामागे गोबर गॅसची विहीर असते. मग गॅसचा कारागीर त्याच रीतीने का फिरू नये? त्याची वार्षिक फी गावातल्या दूध संस्थेने दर पंधरवड्याच्या दुधाच्या बिलातून थोडी थोडी कापून घ्यावी. पशुखाद्याचे पैसे अशाच रीतीने वळते होतात, त्यात नवे काही नाही. शिवाय दूध संस्थेच्या सचिवाला कोणाच्या दावणीला किती गाई आहेत हे तलाठ्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते.

अनुदानाचीही रीत बदलायला हवी. संयंत्र बांधून झाले, अधिकाऱ्याने पाहिले, पैसे मिळाले, की शासनाचा संबंध संपतो. त्यातील एक हिस्सा राखून ठेवून, तिसऱ्या वर्षी शेगडी पेटती असल्याचे पाहून दिला, तर बांधणाऱ्यालाही नळीच्या उताराची आठवण राहील. आणि ते पाहताना प्रश्न घरमालकाला न विचारता चुलीपाशी बसणारीला विचारावा. देहूच्या डॉ. मापुसकरांचे उदाहरण येथे आठवते. अप्पासाहेब पटवर्धनांच्या प्रेरणेने त्यांनी त्या गावात शौचालयांना बायोगॅसची जोड दिली. संडासाच्या वायूवर अन्न शिजविण्याची कल्पना लोकांच्या गळी उतरविणे शेणाच्या वायूपेक्षा किती अवघड असेल! तरी ते काम उभे राहिले, कारण ते सुरू करणारा माणूस उद्घाटनानंतर गाव सोडून गेला नाही. १९६० च्या सुमारास तो तेथे आला आणि पुढे अनेक दशके राहिला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. प्रत्येक गावाला असा डॉक्टर मिळणार नाही. पगारी कारागीर मिळू शकतो.

डाळज, पळसदेव, भिगवण या पट्ट्यातील एखाद्या दूध संस्थेने हा प्रयोग एक वर्ष करून पाहावा. आरंभ दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी करावा. कारण नळीत पाणी साचू लागते ते तेव्हाच. बंद पडलेल्या संयंत्रांची यादी करावी आणि त्यांतील किती केवळ पाणी काढून, कॉक बदलून व बर्नर साफ करून पुन्हा पेटतात ते मोजावे. तो आकडा मग जोडण्यांच्या आकड्याशेजारी छापावा.